दोन वाजताचा रकाना

एकोणीस नंबरच्या पलंगाच्या पायथ्याशी तक्ता टांगलेला:
दहाला उजवी कूस, बाराला पाठ,
दोनला डावी कूस, चारला पुन्हा उजवी.
रकान्यात बरोबरची खूण,
खुणेशेजारी आद्याक्षरं.

एव्होराबाहेरच्या या पुनर्वसन रुग्णालयात
माणसं यायची ती चालायला शिकायला.
त्या जानेवारीत आली
पालथं निजून वाचलेली,
हनुवटीवर, गालफडांवर काळ्या खपल्या,
श्वासाच्या किमतीची पावती तोंडावरच चिकटवलेली.

बेल्मीरु त्यातलाच. एकसष्ट वर्षांचा.
बुचाच्या झाडांची साल कुऱ्हाडीने उतरवण्यात जन्म गेला.
हात अजून रुंद,
पाय मात्र सव्वीस दिवसांच्या झोपेत
कुठेतरी मागे राहून गेलेले.

त्या रात्री मजल्यावर आम्ही दोघी,
फिलुमेना आणि मी. बाकीच्या विलगीकरणात.
पलंग एकतीस.
एका माणसाला वळवायला दोघी लागतात.
हे गणित शाळेतलं पोरही सोडवेल,
आम्हाला सुटलं नाही.
दोन वाजता सातव्या पलंगावरची बाई
ऑक्सिजनची नळी उपसून बसली होती.
पावणेपाचला मी एकोणीसपाशी पोचले
आणि आधी पेन काढलं.
दोनच्या रकान्यात खूण केली. चारच्याही.
मग फिलुमेनाला हाक मारून त्याला वळवलं.

माकडहाडावर लाल चकती.
बोट दाबलं, उचललं.
कातडी पांढरी पडायला हवी होती, क्षणभर तरी.
पडली नाही.

आठ दिवसांत चकती उघडली.
कागदी पट्टीने मोजली: चार बाय साडेतीन.
खोली मोजायला कापसाची काडी,
काडीवर नखाची खूण.
माझ्या नाकाच्या दांड्यावरही मास्कने जखम केली होती.
घरी आरशात मी ती पाहायचे
आणि बरं वाटायचं,
मी तिथे होते याचा पुरावा म्हणून.

दर रविवारी इदालिना, त्याची मुलगी,
बागेत खिडकीबाहेर उभी राहायची, फोन कानाला.
काचेतून विचारायची, वळवता ना बाबांना वेळेवर?
मी मान हलवायचे.
मास्कच्या आत तोंड काहीही करू शकतं.

पट्टी बदलताना तो बोलायचा
पाठ फिरवून. दुसरा इलाजच नव्हता.
कुऱ्हाड ऐकायची असते, म्हणाला.
पोकळ वाजली तर साल सुटते,
आखडून वाजली तर थांबायचं.
आतल्या सालीला आम्ही आई म्हणतो.
तिला घाव बसला तर तिथे पुन्हा साल धरत नाही.
झाड काही मरत नाही,
तेवढी जागा मात्र उघडी राहते.
आणि साल उतरली की बुंध्यावर साल रंगवायचं.
गेल्या उन्हाळ्यात शून्यं काढली,
वीसचं शून्य. पांढऱ्या रंगात.
आता नऊ वर्षं त्यांना हात लावायचा नाही.

मी खारट पाण्याने जखम धूत होते.

आईला लागलंय का? त्याने विचारलं.
मी म्हटलं, जरा खाली गेलंय.
बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला.
मग म्हणाला,
त्या रात्री दोनला तुम्ही आला नव्हतात.
मी जागा होतो.
सातव्या पलंगाकडे धावणारे बूट ऐकत होतो.
म्हटलं, तिकडे जास्त गरज असेल.
मग उजाडायला आलं.

मी काय बोलणार होते.
तक्ते तोवर फायलीत गेले होते,
वरिष्ठांची सही होऊन, सगळे रकाने भरलेले.
मी म्हटलं, खूण माझी आहे.
तो म्हणाला, चिकटपट्टी जरा सैल लाव,
केस ओढले जातात.

सैल लावली.
मग त्याने मागे हात करून
बोटानेच हवेत काहीतरी काढलं.
आकडा लिही, म्हणाला. एकवीसचा एक.
हसला की कण्हला, पाठीवरून कळलं नाही.

पट्टीवर तारीख घालायचा नियम आहेच.
तारीख घातली.
वेळही घातली, घड्याळाकडे बघून:
दोन वाजून चाळीस.